मनगटावरच्या यंत्राची खंडेनवमी

मी तिसरीत असताना आमच्या घरात माझ्याविषयी एक वाक्य रोज उठता-बसता ऐकू यायचं: "मनात आनलं तर बसंल की, पर मनात आनत न्हाई." वाक्य आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. कडेगावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. उसाच्या मळ्यांतले पंप जळाले की लोक मोटारी घेऊन यायचे आणि आण्णा त्यांच्यात नवी तार भरून द्यायचे. मोटार कितीही हट्टी असो, आण्णांसमोर सुतासारखी सरळ यायची. मी तेवढी येत नव्हते, याचा त्यांना मनापासून राग होता.

मी जेवताना ताटावरून उठायची, वेणी घालताना आईच्या हातातून निसटायची, वर्गात बाकाखाली शिरून पलीकडच्या रांगेत निघायची. हे सगळं मी ठरवून करते असं सगळ्यांना वाटायचं. मला मात्र ते झाल्यावरच कळायचं. आताही हे लिहिताना पाय हलतोच आहे आणि शेजारी अभ्यासाला बसलेली माझी लेक "आई, टेबल!" म्हणून दटावते आहे. जमाना बदलला, दटावणारी माणसं बदलली, पाय तोच.

त्या वर्षी वर्गाच्या बाईंनी आण्णांना शाळेत बोलावून सांगितलं, की हिच्यामुळे बाकीच्या पोरांचा अभ्यास होत नाही, दिवाळीनंतर हिला वर्गात ठेवणं अवघड आहे. आण्णांनी घरी येऊन निकाल देऊन टाकला. "दिवाळी झाली की हिला जतला सोडू, आज्ज्याकडं. तितं मेंढरांमागं काय पळायचं ती पळू दे."

मेंढरं मला जीव की प्राण होती. पण सुट्टीला जाणं वेगळं आणि राहायला जाणं वेगळं. राहायचं म्हणजे टँकरची वाट बघायची, कानडीत रागावणाऱ्या चुलतीच्या हाताखाली वागायचं आणि आई नाही. आई नाही, हे मला कुठूनही विचार केला तरी जमत नव्हतं.

गणपतीला साताऱ्याहून मामा आला, त्याने आईला सांगितलं की सांगलीत एक डॉक्टरीणबाई आहेत, चळवळ्या मुलांना तपासतात. आण्णा म्हणाले, "वांडपनाला कसला आलाय डाक्टर?" पण आईने त्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांच्याकडे असं काही बघितलं, की नवरात्र बसायच्या आतच आम्ही सांगलीच्या एसटीत होतो.

डॉक्टरीणबाई परदेशात शिकून आल्या होत्या. त्यांनी माझ्याशी गप्पा मारल्या, खेळायला दिलं, आई-आण्णांना खोदून खोदून विचारलं आणि शेवटी कपाटातून एक काळी डबी काढून माझ्या डाव्या मनगटावर बांधली. घड्याळासारखीच, पण ना काटे ना आकडे. हात किती हलतो ते हे यंत्र आतल्या आत टिपून ठेवतं, म्हणाल्या. फक्त अंघोळीला काढायचं, दसरा झाला की परत घेऊन यायचं. नुसत्या यंत्रावरून काही ठरत नसतं, सगळं मिळून बघू, असंही म्हणाल्या. येताना वर्गाच्या बाईंनाही आणा, त्यांच्याशी बोलायचं आहे.

मी त्यातलं एवढंच ऐकलं, की ही डबी चहाडी करणार. तिने चहाडी केली की मी जतला जाणार.

मग मी नामी युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी शाळेत डावा हात मांडीखाली दाबून बसले. काय वाटेल ते झालं तरी हात हलू द्यायचा नाही. बाईंनी अक्षरशः डोळे चोळले. साऱ्या वर्गासमोर मला "शाबास!" म्हणाल्या. तिसरीत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि माझी सगळी कमाई धुळीला मिळाली, कारण मैदानात लंगडी चालू होती. त्यानंतर मला तो हात पुन्हा काही दाबून ठेवता आला नाही.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे तो दिवस दिवाळीपेक्षा मोठा. दुकानातले पाने, पकडी, तार गुंडाळायचं यंत्र सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या यंत्राला त्या दिवशी विसावा. यंत्र कशाला म्हणायचं याची आण्णांची व्याख्या मात्र फार ऐसपैस होती. आईचा मिक्सर पूजेत, रेडिओ पूजेत. एका वर्षी बॅटरीही पूजेत होती आणि नेमकी लाइट गेली, तेव्हा आम्ही समईच्या उजेडात जेवलो होतो. आई दरवर्षी पाट्यावर चटणी वाटता वाटता जे पुटपुटायची, ते कुठल्याही स्तोत्रात नव्हतं.

पूजा मांडून झाल्यावर आण्णांची नजर माझ्या मनगटावर गेली.

"ती काड."

"आण्णा, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, फक्त अंघोळीला..."

"त्यात सेल हाय न्हवं? मग यंत्रच की ती. आजच्या दिवशी यंत्र राबवायचं न्हाई."

डबी पान्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं उठली, झेंडूचं फूल पडलं. आणि मी? मी सुटले. दोन्ही हात मोकळे! चिंचेवर चढले, उसाच्या कडेने धावले, शेजारच्यांच्या करडाला दमवलं. आईने संध्याकाळी माझे गुडघे धुतले तेव्हा पाणी लाल झालं होतं. दसऱ्याच्या दिवशी पूजा उतरल्यावर डबी परत मनगटावर आली.

दसऱ्यानंतर आम्ही बाईंना घेऊन सांगलीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी डबी संगणकाला जोडली. छपाईचं यंत्र करकरत राहिलं आणि कडेला भोकं असलेला लांबलचक कागद बाहेर आला. त्यांनी तो टेबलावर पसरला. शेतातल्या शाळूच्या ताटांसारख्या उभ्या रेघाच रेघा, दाट. आणि मध्येच एक मोठा पांढरा पट्टा. एक रेघ नाही.

"या दिवशी ही इतकी शांत कशी?"

बाई पुढे सरसावल्या. "बघा, मी म्हणत नव्हते? मनात आणलं की बसते ही. सगळा वांडपणा आहे."

मला तर गगन ठेंगणं झालं. यंत्राने चहाडी केली नव्हती, उलट माझी बाजू घेतली होती. जत टळलं. आता कुणी काही बोलू नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

आण्णा त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिले. बाईंचं वाक्य त्यांचंच होतं, वर्षभर तेच म्हणत होते ते. गप्प बसले असते तर त्यांचंच खरं ठरलं असतं. पण त्यांनी घसा खाकरला.

"आवं डाक्टरबाई, ती शांत नव्हती. त्या दिवशी खंडेनवमी व्हती. यंत्र मी पूजंत ठेवलं. पोरगी लय पळली त्या दिवशी, गुडगं बगा तिचं."

मला आण्णांचा इतका राग आला! मिळालेलं सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं होतं. डॉक्टरीणबाई मात्र डबी उलटी करून फटीतलं कुंकू बघत होत्या आणि हसू आवरत नव्हतं म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

मग त्यांनी कागदाच्या सुरुवातीला बोट ठेवलं. तिथे एका सकाळी रेघा अगदी बारक्या होत्या. "आणि इथे? ही पण पूजाच का?"

सगळं गेलंच होतं, म्हणून मी खरं सांगितलं. हात मांडीखाली दाबला होता.

"त्या सकाळी हिने अभ्यास काय केला?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाई आठवत राहिल्या. चेहरा हळूहळू बदलला. "गणितं घातली होती," त्या म्हणाल्या. "पाटी कोरी होती हिची. बसली होती म्हणून मी शाबासकी दिली."

"तिची सगळी ताकद बसण्यातच गेली," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "ती मुद्दाम करत नाही. आपल्याला बसायला कष्ट पडत नाहीत, तिला पडतात."

मुद्दाम करत नाही. माझ्याविषयी कुणी असं म्हटलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. आईने डोळे पुसले. आण्णा माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

"मग बाई," ते म्हणाले, "हिला बसवायचीच कशाला? मी दिसभर हुबा ऱ्हाऊनच काम करतो. हुबी ऱ्हाऊन शिकंल की."

बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागच्या भिंतीशी उभी राहशील?" त्या म्हणाल्या. "फक्त माझ्या फळ्याकडे बघत?"

मी इतक्या जोरात मान हलवली की आईने हसत माझं डोकं धरलं. पण जतचं कुणी काहीच बोललं नव्हतं. एसटी स्टँडवर मी आण्णांचा सदरा ओढला. "दिवाळीनंतर जतला जायचं का मी?"

"दिवाळीत जायाचं," आण्णा माझा हात हातात घेत म्हणाले. "समदी मिळून. मेंढरं बगायची, आनि तुला घिऊन परत यायचं."