मैत्रिणीचा फोटो जरा जास्तच छान आला

मंडळी, आज मी जाम जळतेय.

संध्याकाळी बहादरपुरला आमच्या केळीच्या बागेत अश्विनीचे, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, फोटो काढले. लग्नाच्या बायोडाट्यासाठी पाहिजे होते. ती सरळ केळीत घुसून उभी राहिली. मी म्हटलं, "बाहेर ये बाई, पानांखाली तोंड हिरवं दिसतं." तिला बांधावर मोकळ्या उजेडात उभं केलं. माझी पांढरी ओढणी तिला कमरेजवळ पसरून धरायला लावली, म्हणजे तिच्यावरून उजेड परतून चेहरा उजळतो.

फोटो असा आला की मीच बघत राहिले.

आई तिथेच होती. तिने मोबाइल घेऊन फोटो मोठा करकरून पाहिला. "किती गोड दिसतेय पोरगी! तुझा का नाही गं असा आला?"

कारण माझा बायोडाट्याचा फोटो अश्विनीने काढला होता. केळीत उभं करून. तो पाहून मावशीने विचारलं होतं, "आजारी होतीस का?"

तेवढ्यात अश्विनी म्हणाली, "चल ना यार, तेरा भी निकालते हैं. तू फक्त सांग, ओढणी कशी धरायची."

मी म्हटलं, "राहू दे, उजेड गेला."

उजेड होता. चांगला होता.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर ओढणी धरून तिच्याकडून फोटो काढून घेतला असता?