दिलीपदादाची डावी सीट

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात सेवउसळ होती, तीही वरून दोनदा तिखटजाळ तरी ओतलेली. त्यामुळे पलीकडून सुलभावहिनी "शिरीष, हे गेले रे..." म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी नेमकं कशाचं, हे हातगाडीपलीकडच्या लारीवाल्याला कळलं नसणार. काही क्षण मलाही कळलं नाही. दिलीपदादा, माझा आतेभाऊ, सकाळचा चहा संपवून पेपर वाचता वाचता गेला. आता महिना होत आला.

दादा करजणजवळच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खात्यात होता. दिवसभर लोखंड केसाच्या जाडीपर्यंत मोजायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पोळी एका बाजूनं कुठे फुगीर आहे ते सांगायचं. त्याची चैन एकच. एक लाल, दोनच सीटांची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, वीस-बावीस वर्षांची. इतर हौशी लोक अशी गाडी कापडाखाली झाकून ठेवतात आणि रविवारी पुसतात. दादा तिच्यातून रोज मांजलपूरच्या घरून करजणला कामावर जायचा. "गाडी काय लोणच्यासारखी मुरवायची असते?" असं वर आम्हालाच विचारायचा.

वहिनी करजणच्याच शाळेत शिकवत. बरीच वर्षं दोघं जोडीनं जात, छत उघडं, वहिनींच्या डोक्याला रुमाल. मग वहिनींचा मणका दुखू लागला, कमरेला पट्टा आला, आणि नेमक्या त्याच सुमारास गाडीच्या जुन्या स्प्रिंगा दबून गेल्या. प्रत्येक बंपला गाडीचं पोट घासायला लागलं. एके सकाळी वहिनी सोसायटीच्या गेटपाशीच उतरल्या. "तुम्ही व्हा पुढे, मी बसनं येते." आणि मग दोन वर्षं, नवराबायको एकाच गावाला, एकाच रस्त्यानं, वेगवेगळे जात राहिले. वहिनींच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं तेव्हा मात्र माझ्या दारात उभं राहून दादानं जाहीर केलं, "शिऱ्या, स्प्रिंगा बदलायच्या. शेवटचं वर्ष ती माझ्या शेजारी बसून जाणार."

आता स्प्रिंगा निवडायच्या म्हणजे सल्ले आलेच. रविवारी जमणाऱ्या जुन्या गाड्यांच्या गुजराती मंडळींचं एकमत होतं, स्प्रिंगा कडक घालायच्या आणि गाडी खाली आणायची. "कडक नाखो, दिलीपभाई, अने बे इंच नीची करावो. वाघ लागशे, वाघ!" पाणीगेटला स्प्रिंगा वळून देणाऱ्या रहीमचाचांचं म्हणणं उलट, रोज फिरवायची तर नरमच हव्यात. "साहेब, रोज फेरववी होय तो नरमच." पण दादाचा सल्ल्यावर विश्वास नव्हता, मापावर होता. त्यानं डाव्या सीटवर तांदळाचं पोतं बसवलं. वहिनींना वजन विचारायची हिंमत त्यालाही नव्हती, म्हणून अंदाजानं भरलं आणि मला दम दिला, "हा आकडा बाहेर फुटला तर तुला सोडणार नाही." पोत्याला सीटबेल्ट लावून स्वारी निघायची. बंपाआधी उतरून पट्टीनं उंची मोजायची, बंपानंतर पुन्हा उतरून मोजायची, वहीत लिहायचं. मागे हॉर्नांचा गजर! तीन आठवडे हा सोहळा चालला. निकाल लागला कडक स्प्रिंगांच्या बाजूनं. गाडी घासत नव्हती, वळणावर झुकत नव्हती, आणि पोत्याची काही तक्रार नव्हती.

सोमवारी वहिनी नवी साडी नेसून गाडीत बसल्या. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पहिला बंप... दुसरा... तिसऱ्याला गाडी थांबली. वहिनी कमरेला हात लावून सावकाश उतरल्या. रागावल्या नाहीत. "तुमचं पोतं फार सोशिक आहे हो. मी नाही." एवढं बोलून बसथांब्याकडे चालू लागल्या. मी हसलो. दादा हसला नाही.

संध्याकाळी त्यानं माझ्या हातात चावी ठेवली. "चालव." आणि स्वतः डावीकडे जाऊन बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मी मूळचा दुष्ट. एकही बंप सोडला नाही. उजवीकडे बसणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असतं, अंग आपोआप सावरतं. डावीकडे धरायला काही नाही. धक्का माकडहाडातून थेट मस्तकात. दादाचे हात मांडीवर नुसते चाचपडत होते. हायवेला लागल्यावर म्हणाला, "शिऱ्या... ती इथे बसायची?" इतकं मोजणाऱ्या माणसानं आपण चुकीच्या जागी बसून मोजत होतो हे मान्य करणं सोपं नसतं. त्याच्या सगळ्या हुशारीपेक्षा मला तो एक प्रश्न मोठा वाटतो.

दुसऱ्याच दिवशी तो रहीमचाचांकडे गेला. त्यांनी चार जोड्या वळून दिल्या. प्रत्येक वेळी गाडी मी चालवायची, दादा डावीकडे, आणि कमरेला वहिनींचा पट्टा! तो आवळून करजणपर्यंत जाऊन यायचं. पोट न घासणारी सगळ्यांत नरम जोडी त्यानं ठेवली. गाडी इतकी उचलली गेली की चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये नारळ मावला असता. वळणावर ती आता बोटीसारखी डुलायची, आणि वळणांवर जीव असलेला हा माणूस वळणं हळू घेऊ लागला. रविवारी मंडळींनी गाठलंच. "दिलीपभाई, ट्रॅक्टर लाव्या?" दादा म्हणाला, "हा भाई. पण आमां मारी बायको बेसे छे."

वहिनी बसल्या. वर्षभर बसल्या. नोकऱ्या सुटल्यावरही रोज सकाळी दोघांची फेरी असायचीच. नव्या स्प्रिंगांच्या पहिल्या आठवड्यातच गाडी कडेला लावून दादानं फोन केला होता, कुजबुजत, "शिऱ्या, झोपली! पोर गावापर्यंत जागी होती, मग झोपली!" बक्षीस मिळाल्यासारखा आवाज.

परवा रविवारच्या मंडळींपैकी एकजण गाडी विकत घ्यायला आला. "बेन, मने आपो. कडक स्प्रिंगा नाखीश, मस्त थई जशे." वहिनी म्हणाल्या, "आधी डावीकडे बसा, भाई. शिरीष, यांना करजणपर्यंत नेऊन आण." दीड तासानं परतलो तेव्हा गृहस्थ झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत उतरले. "बेन, आमां तो ऊंघ आवी गई!"

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच द्यायची नाही."

आणि रुमाल डोक्याला बांधून स्वतः डावीकडे जाऊन बसल्या.

"चल शिरीष, आता मला ने."