गुंफेच्या तोंडाशी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. आज का सांगतेय? तेही मला नीट कळत नाही.

शोभा माझी पवनारची मैत्रीण. आमच्या भाजीच्या वाड्या लागून — अजूनही. वांगी तोडून तोडून जीव विटला होता, म्हणून एके दिवशी डबे बांधून दोघी आष्टीकडच्या डोंगरात गेलो, जुन्या गुंफा पाहायला. कड्यात कोरलेल्या, वाकून शिरावं लागेल अशा. कोण्या काळी तिथं साधू राहायचे म्हणतात. वरच्या कपारीला आग्या मोहोळ लटकलं होतं. मी दगड उचलला.

"काऊन छेडून राह्यली वं त्याईले? राहू दे न!" शोभा म्हणाली.

मी फेकला. माझा नेम कधी लागत नाही — तेव्हा लागला.

केसांत, कानांत, नाकात माश्या. मी सगळ्यात लहान गुंफेत घुसले, ओढणी तोंडावर गच्च आवळली. शोभा मागून रांगत आली. डोकं आत, एक खांदा आत.

"सरक वं! मले घे!"

दोघींपुरती जागा नव्हती का? — होती. सरकले असते तर होती. पण तिच्या पाठीवर माश्यांचा थर होता, आणि तो तिच्याबरोबर आत येत होता.

माश्यांपायी तिचे डोळे गच्च मिटलेले होते. मी लाथ मारली. टाचेनं, तिच्या तोंडावर. तिनं माझा पाय धरला. मी पुन्हा मारली, डोळ्यावर — आणि पुन्हा, हात सुटेपर्यंत. ती उतारावरून गडगडत गेली. मी आत बसून तिच्या किंकाळ्या ऐकल्या. त्या थांबल्या, तेव्हा मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं.

गुराख्यांनी धूर करून तिला घोंगडीत गुंडाळलं, खाली आणलं. ती वाचली. उजवा डोळा गेला. माश्यांनीच गेला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. वर सांगितलं, की मी तिला आत ओढत होते.

दवाखान्यात सुजलेल्या ओठांनी तिनं विचारलं, "मले कायनं तरी मारलं वं. का होतं ते?"

"वरून दगड सुटला होता," मी म्हणाले.

तिनं चाचपडत माझा हात धरला.

"तुले तर नाई लागला न?"

"नाई," मी म्हणाले.