शेजारची खाट कुणाची?

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "प्लुरल इफ्युजन आहे. टीबीमुळे." म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठलंय. बरगडीतली कळ मी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गिरण्यांच्या धुरावर ढकलत होते. तुम्ही ढकलू नका, तपासून घ्या.

मग टॅपिंग झालं. पाठीतून सुई घालून पाणी काढतात. जागा बधिर करतात, तरी भीती वाटते. नंतर श्वास मोकळा होतो, हे आधी कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

इथल्या आमच्या मराठी चर्चची मंडळी लहान. कुणी आजारी पडलं की पाळीने डबा येतो, खाटेभोवती प्रार्थना होते. मंडळीतल्या रूथमावशी सगळ्यांना घेऊन आल्या. "आमच्या बहिणीला बरं कर," म्हणून प्रार्थना झाली, सगळे गेले.

शेजारच्या खाटेवर धुळ्याकडच्या लताबाई. साड्यांना टिकल्या लावणाऱ्या. आजार माझाच. त्या म्हणाल्या, "पोरी, तुना देव तुलेच डबा धाडस का?"

मी हसले. मग आमच्याच मंडळीचा संताप आला, त्यांच्या खाटेकडे कुणी बघितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लताबाईंनी पिशवी भरली. सुईला एकटीने सामोरं जायचं नाही, गावी जाते म्हणाल्या. नवरा डाइंग मिलमध्ये, सुट्टी घेतली तर काम जाणार. डॉक्टर म्हणाले, "पाणी आजच काढायला हवं. सोबत बसायला कोणालातरी बोलवा."

मला अजून उठायची परवानगी नव्हती, म्हणून मी आमच्या चर्चच्या पाळकांना फोन लावला. ते म्हणाले, भेटी मंडळीतल्या घरांसाठी असतात. शिवाय परक्या बाईपाशी गेलो तर धर्म बदलायला आले म्हणतील. ही भीती खोटी नाही. पण तिच्या आड किती दिवस लपायचं? चर्च म्हणजे सभासदांचा विमा आहे का? येशूने हात लावण्याआधी कोणत्या आजाऱ्याला त्याची मंडळी विचारली?

"प्रार्थना करू नका," मी म्हणाले. "नुसता हात धरा."

पाळकांनी रूथमावशींना आणलं आणि स्वतः वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसून राहिले.

लताबाईंनी मावशींना विचारलं, "माले तुमना धर्ममा येनं पडी का?"

"आधी हलायचं बंद कर. डॉक्टर ओरडतील."

पाणी निघालं. मावशींनी, मनातल्या मनात प्रार्थना करू का, असं विचारलं. लताबाई म्हणाल्या, "कर. तू तुना देवले सांग, मी आमनी कानबाई देवीले सांगस."

लताबाई गावी गेल्या नाहीत. आम्ही दोघी अजून गोळ्या घेतोय, त्यांना माझ्यापेक्षा जास्त भूक लागते. मंडळीतले काही वडीलजन कुरकुरतात, तरी आता भेटीला गेलेले लोक वॉर्डात एकटं कोण आहे ते आधी बघतात. पाळक स्वतः बघतात. त्यांचे मी मनापासून आभार मानते, भांडून झाल्यावर.

तुम्ही दवाखान्यात एकटे असाल तर जवळच्या चर्चला निरोप पाठवा. कोणत्या मंडळीतले असं विचारलं, तर सांगा, आजारी आहे. बाकी उत्तर त्यांनी शोधायचं.