पाठीचा गळा आणि विमलचं वेगळं दार

ये गं, अशी लांब नको बसूस. आणि तो फोन आधी खाली ठेव. काय म्हणालीस परवा, तुझ्या केकचे सगळे फोटो त्या एकाच ॲपवर आहेत? दुसरीकडे कुठेच नाहीत? एवढी व्यवस्थित मुलगी तू, आणि असं करतेस? ऐक आता, आमचं काय झालं ते.

मी जे. पी. नगरात ब्लाऊज शिवते. लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हापासून. आम्ही आठ-नऊ मराठी बायका याच धंद्यातल्या. विमलचं चिकपेटात लेस आणि बॉर्डरचं दुकान. शारदा राहते येलहंक्याला आणि आरीकाम करते. आरीकाम म्हणजे फ्रेमवर कापड ताणून, आकड्याच्या सुईनं केलेलं मण्यांचं, जरीचं भरतकाम. तिचे गुडघे गेलेत, एकटी असते, जिना उतरवत नाही. गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं ते आम्ही एका मोठ्या ॲपवर काढलेलं पेज बघून. पेज काढायची कल्पना माझी.

एक दिवस सकाळी ते पेज बंद. मेसेज आला की फोटो नियमात बसत नाहीत. मला वाटतं, पाठीच्या गळ्यांचे फोटो होते ना, दोरी-लटकन लावलेले, ते ॲपच्या फोटो तपासणाऱ्या मशीनला अश्लील वाटले असावेत. अगं, डमीची पाठ ती! कापसाची! मी परत परत लिहिलं. उत्तर दर वेळी तेच, तेही मशीनचंच. बोलायला माणूस म्हणून नाही.

शारदाचा फोन आला. "अक्का, ऐन लग्नसराईत फ्रेम रिकामी आहे गं."

मग मी शोधायला लागले. व्हिडिओ बघून, चुकत-माकत. मी शिवणही असंच शिकले, उसवून उसवून. तेव्हा हे डीसेंट्रलाइज्ड प्रकरण कळलं. म्हणजे ॲप आहे, पण त्याचा एक मालक नाही. खूप सर्व्हर असतात, प्रत्येक सर्व्हर वेगळा माणूस किंवा वेगळी मंडळी चालवतात. तू कुठल्याही एकावर खातं उघड, बाकीच्यांवरच्या लोकांशी बोलता येतं.

विमलच्या दुकानात आम्ही जमलो. मी म्हटलं, "संक्रांतीचं हळदीकुंकू असतं ना, तसं. प्रत्येकीचं घर वेगळं, पण जाणं-येणं सगळ्यांचं सगळ्यांकडे. एकीनं दार लावलं म्हणून सण बंद होत नाही."

विमल लेस मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "मालक कोण?"

"एकच असा कुणी नाही."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"त्या ॲपला मालक होता, त्यानं कुठं ऐकली?"

"आणि गिऱ्हाईक आहे तिथं?"

"आपण गेलो की हळूहळू येईल."

"म्हणजे तोवर मी रिकाम्या दुकानात पंखा लावून बसू! छान सांगतेस."

बाकीच्या हसल्या. शारदा फोनवर होती, स्पीकरवर. ती म्हणाली, "अक्का, मला घरातला जिना उतरवत नाही आणि तू मला नव्या घरी कुठं नेतेस?"

आता विमलचं काही खोटं नव्हतं. तिथं आमचं गिऱ्हाईक नव्हतंच. पण एक सोय होती. आपल्या पानाची लिंक पाठवली की समोरच्याला खातं न उघडता फोटो दिसतात. मी शारदाला म्हटलं, "तू फोटो टाक. लिंक मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठवते. त्यांना फक्त बोट लावायचंय."

"तेवढंच ना? सरी, बरं, मग उघडून दे," शारदा म्हणाली.

ती तयार झाली तशा बाकीच्याही. आणि इथंच आम्ही माती खाल्ली. आमच्यात पद्धतच अशी, लग्नाला निघालो तरी सगळ्या एकाच टेम्पोत. "अक्का जिथं, तिथं आम्ही." मी ज्या सर्व्हरवर खातं उघडलं, त्याच्यावरच सगळ्यांनी उघडली. बेंगळुरातलाच एक इंजिनिअर तो हौसेनं चालवायचा. मीही काही बोलले नाही. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

एकटी विमल अडून बसली. "मागच्या वेळी तुझंच ऐकलं होतं. यायचंच तर मी दुसऱ्या दारानं येईन." रागानं भलत्याच सर्व्हरवर खातं उघडलं तिनं. तिथून आम्हाला सगळ्यांना फॉलो केलं, बारीक लक्ष ठेवायला. मी मनात म्हटलं, हट्टी बाई.

स्वल्प दिवस बरे गेले. शारदाला लिंकवरून काम यायला लागलं. मग एका सकाळी सर्व्हर उघडेना. मी त्या इंजिनिअरला मेल केला. त्याचं उत्तर मात्र तासाभरात आलं, माणसाचं. "मॅडम, डिस्क गेली. बॅकअपही खराब निघाला. माझी चूक. सॉरी." त्याच्यावर काय रागावणार? पण आमची सगळ्यांची खाती एका फटक्यात गेली.

त्याच दिवशी एका नवरीची आई विमलच्या दुकानात उभी. शारदाला काम द्यायचं होतं, पण लिंक उघडत नव्हती. फोटो बघितल्याशिवाय द्यायची नाही म्हणे. विमलनं मला फोन लावला, "काय गं, तुझ्या घराला कुलूप का?" मी सांगितलं. तिनं तिथंच आपलं खातं उघडून बघितलं. मग म्हणाली, "पण मला तर शारदानं भरलेले मोर दिसतायत."

आता हे असं. तू दुसऱ्या सर्व्हरवरून एखादीला फॉलो केलंस की तिच्या पोस्टची एक प्रत तुझ्या सर्व्हरवरही येते. काही दिवस राहते. सगळे फोटो नव्हते, अलीकडचे होते. पण नवरीच्या आईला तेवढे पुरले. तिनं काउंटरवरूनच शारदाशी बोलून बाह्यांचं काम ठरवलं.

संध्याकाळी विमलचा परत फोन. "आता सगळ्यांना माझ्या सर्व्हरवर घेऊन ये. बघ, माझंच दार उघडं राहिलं."

"मी येते," म्हटलं, "पण शारदा तिसरीकडे जाईल. बाकीच्या आणखी कुठं कुठं. आणि फोटो प्रत्येकीनं पेन ड्राइव्हवरही ठेवायचे."

"अगं, मी राग म्हणून वेगळी गेले होते."

"तुझा राग कामाचा निघाला."

तर शहाणपण एवढंच. घरं पुष्कळ असून सगळ्या एकाच घरात जाऊन बसलो, तर घर बदलून काही मिळत नाही. आणि चार जणींत एक विमल लागतेच.

आता उशीर झाला, तू नीघ. पण लवकर ये परत, या रविवारीच ये. विमलही येणार आहे. केकचे सगळे फोटो घेऊन ये, आणि केकही आण. तुझं खातं कुठं उघडायचं यावर आमचं दोघींचं भांडण होईल, ते तुझ्यासमोरच झालेलं बरं.