घोंगडीखालचं तोंड

सांगलीच्या एका पेंटरने मला फसवलं. मीच त्याला फसवलं असं तो सांगत फिरतो आणि निम्मी सांगली त्याच्या बाजूने बोलते, कारण ती त्याचा चहा पिते.

मी रहिमतपूरचा. सायकलला पिशव्या अडकवून आरत्या, पंचांगं, शाळेची गाइडं विकत वर आलो आणि पंचाहत्तर सालाच्या आसपास सातारच्या एसटी स्टँडाबाहेर स्वतःचा स्टॉल टाकला. तेव्हा मुंबईहून रंगीत चित्रकथा यायला लागल्या होत्या. पोरं त्या उभ्याउभ्या वाचायची आणि घामेजलेल्या हाताने परत ठेवायची. त्यातले हीरो मुखवटे घालून कुठल्या कुठल्या जंगलात मारामाऱ्या करायचे. मला वाटलं, आपल्याकडे घरटी एक फौजी आहे, मग हीरो बाहेरून का मागवायचा? चित्रकथा आपणच काढू.

गोष्ट मी जुळवली. तालमीतली चांदीची गदा चोरीला जाते. चोर अंगभर घोंगडी पांघरून हिंडतो. सुट्टीवर आलेला हवालदार त्याचा माग काढतो आणि शेवटच्या पानावर घोंगडी ओढतो. आत निघतो गावातलाच, रोज रामराम करणारा माणूस. तो कोण, हे मात्र मी पेंटरवर सोडलं. "तूच ठरीव," मी म्हणालो, "आणि मला सांगू नको. मी बोलून विकणारा माणूस. गिऱ्हाइकापुढं तोंडातनं निघून जाईल."

पेंटर दुकानांच्या पाट्या आणि टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. चित्रकथा काढणारा दुसरा कोणी आमच्या भागात नव्हताच. पाटीवाले अक्षरावर दर घेतात, तसाच तो घ्यायला लागला. मी हिशेब केला. माझ्या गोष्टीतली माणसं बडबडी, अक्षरांत मी बुडालो असतो.

"अक्षरं मोजायची न्हाईत," मी म्हणालो.

"मग काय मोजायचं?"

"तोंडं मोज. हात, पाय, झाडं, घरं फुकट."

तो जरा वेळ ब्रश चोळत बसला. "बरं. हात-पाय कोनबी काढतंय. तोंडालाच डोस्कं लागतं. बैलाचं तोंड?"

"जनावर मोजायचं न्हाई."

"आवं शेट, तुमच्यापरास बैल काढाय अवघड हाय."

शेवटी गुरांच्या बाजारात करतात तसा टॉवेलाखाली बोटं धरून सौदा केला. ठरल्या पैशात अख्ख्या पुस्तकाला शंभर तोंडं, वर एक नाही. एका अंगाने दिसणारं तोंड अर्धं. मी शीळ घालत परतीची एसटी पकडली. मुंबईवाल्यांनाही असा सौदा जमला नसता.

पान तयार झालं की छपाईचा ब्लॉक करायला कोल्हापूरला जायचं आणि सांगलीतल्याच एका छापखान्यात छपाई व्हायची. यात्रांच्या हंगामाआधी पुस्तक हवं होतं. माझी पुंजी त्यात होती आणि स्टँडावरच्या प्रत्येकाला मी सांगून बसलो होतो. तिसऱ्या पानावर यात्रा होती. ती दणक्यात दिसली पाहिजे, एवढं मी त्याला भजी खिलवताना बोललो होतो. पठ्ठ्याने दणका उडवला. कुस्तीच्या फडाभोवती फेटेवाले, पाळण्यातली पोरं, बांगड्या भरणाऱ्या बाया, भजीवाला, सगळी नाकीडोळी ठसठशीत. मी खूश होऊन त्याला पुन्हा भजी खिलवली.

पुस्तक निम्मं झालं तशी माणसं पाठमोरी व्हायला लागली. हवालदाराची बायको दाराआडून बोलायची. फौजदार भर उन्हात छत्री तोंडापुढे धरून आला. पाटील कपाळ धरून बसला, तो मान वर करीना. मला वाटलं, ही नवी कला असेल.

मग शेवटचं पान आलं. हवालदार पाठमोरा. त्याच्या हातात घोंगडीचं टोक. पुढे सगळा गाव पाठ करून उभा, आणि गावाच्या पाठींवर मोठा फुगा: 'आरं देवा! ह्यो व्हय?' खाली 'समाप्त'.

"तोंड कुठाय?" मी ओरडलो.

"सपली की तोंडं."

"कुठं सपली?"

"जत्रंत. तुमीच म्हणला दणका पायजे."

"एक काढ गुमान!"

"काढतो. पर त्यो सौदा सपला. आता ह्या तोंडाचा दर येगळा."

घर बांधायला दिलं आणि गवंड्याने दारच ठेवलं नाही, तर विटा संपल्या हे कारण चालतं का? चोराचं तोंड म्हणजे अख्खी गोष्ट. ते बाजूला राखून मग यात्रा भरवायची, हे त्याचं काम. मी जादा दर दिला नाही. होतं तसंच छापलं.

पुस्तक खपलं, ते नाकारत नाही. पण गिऱ्हाइकं परत येऊ लागली. वाईच्या एक मास्तरीणबाई मला दटावून गेल्या, की चोर पाटलाची सूनच आहे, उगाच लपवू नका. आष्ट्याचा एक गिरणीवाला तर पिठाच्या अंगाने एसटीत बसून आला.

"आवं, समदं गाव म्हणतंय त्यो चोर म्हंजी मीच. चाल माझ्यावानी हाय म्हनं. मी न्हाई म्हणून लिहून द्या."

"कसं लिहून देऊ? मला ठावं न्हाई."

"पुस्तक कुनाचं?"

"माझं."

"आन् चोर ठावं न्हाई?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू गदा मीच नेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. पेंटर शिडीवर चढून कापडदुकानाची पाटी रंगवत होता.

"चित्र नको," मी खालून म्हणालो. "नुसतं सांग, कोण त्यो?"

"न्हाई शेट. मला सांगू नको म्हणून तुमीच बजावलंया. मी सबुदाचा पक्का."

मी शिडी धरून हलवली.

"हलवा, हलवा," तो वरून म्हणाला. "पडलो तर कुनाला इचारशीला?"

मी शिडी सोडली.

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. रिकामा असलो की भिंग घेऊन मी तिसरं पान बघतो. यात्रेतली सगळी माणसं कुस्तीकडे बघतात. एकटा भजीवाला झारा हातात धरून थेट माझ्याकडे बघतो, आणि हसतो. हाच तो चोर आहे, की मी खिलवलेल्या भज्यांची थट्टा आहे?

पेंटर आता दुकानापुढे खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझा किस्सा सांगतो. किस्सा पुरे. माझ्या पैशाने काढलेला चोर त्याने इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवला आहे. त्या जादा तोंडाचा दर मी आज द्यायला तयार आहे, जरा कमीजास्त करून. पण त्याने चारचौघांत, माझ्या डोळ्यात बघून उत्तर द्यावं: घोंगडीखाली कोण होतं?