पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पत्ता न सापडून परत आलेल्या पार्सलांसारखे ते आपोआप साठतात. एखाद्या दिवशी जरा जागा करावी म्हणून कोपऱ्याकडं बघावं, तर भिंत दिसत नाही एवढा ढीग झालेला असतो. परवा आमच्या पॅकिंगचे रफीकभाई म्हणाले, "सुरेखाताई, कुणाला तरी सांगून मोकळं करा हे सगळं, न्हाय तर नवा शेड बांधाय लागंल." म्हणून सांगायला बसलेय.

आमची कंपनी कोल्हापुरात उद्यमनगरात आहे आणि आम्ही नवरा-बायकोच्या खासगी वस्तू विकतो. कंडोम, जेल, झिरझिरीत कपडे आणि बॅटरीवर चालणाऱ्या काही वस्तू. त्या वस्तूंची नावं मी कस्टमर केअरच्या फोनवर दिवसभर घेते, पण इथं घेतली तर तुमच्या हातातला चहा सांडेल.

मालक म्हणजे दिलीपदादा, मंगळवार पेठेतल्या म्हशीवाल्या घरातला माणूस. सुरुवातीला ते इचलकरंजीहून कापड आणून, गाऊन शिवून घेऊन आठवडी बाजारात विकायचे. गाऊन घेताना बायका इकडंतिकडं बघून, एकदम हळू आवाजात आतल्या कपड्यांचं विचारायच्या. दादांच्या लक्षात आलं की जे हळू आवाजात विचारलं जातंय, ते धड विकणारं कुणीच नाही. बाजारातल्या पालावरून दुकान झालं, दुकानावरून वेबसाइट, आणि आता देशभर पार्सलं जातात. मला या माणसाचा आणि या कंपनीचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला शंका नको.

* * *

माझ्या इंटरव्ह्यूला दादांनी टेबलावर स्टीलचं ताट ठेवलं. त्यात आमच्या मालाची पाकिटं, हळदीकुंकवाला वाण मांडतात तशी मांडलेली.

"एकेक उचला आणि वर काय लिहिलंय ते वाचा. मोठ्यानं."

मी आधी एका लॅबच्या काउंटरवर होते. लघवीच्या बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांना भर गर्दीत नावानिशी हाका मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली, मला कसली लाज! मी पहिलंच पाकीट उचललं आणि "कंडोम" असं खणखणीत वाचलं. खालच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं. मिनिटभरात जिन्यातून एक डोकं वर आलं आणि विचारायला लागलं, "मेडिकल टाकलंय काय वर?"

दादा म्हणाले, "उद्यापासून या."

ही परीक्षा आमच्याकडं सगळ्यांनी दिलीय. रफीकभाईंनी, अकाउंट्सच्या माणसानं, कुरिअरवाल्यानंसुद्धा. दादांचं म्हणणं एकच, आपल्यालाच मान खाली घालून बोलावं लागत असेल तर गिऱ्हाइकानं मान वर कशी करायची?

एकच माणूस या परीक्षेला कधी बसला नाही. दादांच्या आई, आक्का.

आक्का रोज संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर म्हैस उभी करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ग्लासात धार काढून देतात. दादांनी किती वेळा सांगितलं, आता बसा घरी. आक्का ऐकत नाहीत. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "प्लास्टिकमधी हाय."

एकदा चहा घेताना दादा म्हणाले, "आख्ख्या देशाला बोलायला लावलं. घरातलं एक माणूस राहिलंय बघा." आणि मग बराच वेळ चहा ढवळत बसले. ते साखर घेत नाहीत.

* * *

पार्सलाचा किस्सा तर आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशीच ऐकवतात.

आत काय आहे हे बाहेरून कळू नये, ही आमची पहिली अट. सुरुवातीला आम्ही साधी कोरी खोकी पाठवायचो. पण कोऱ्या खोक्याचा लोकांना जास्त संशय येतो. मग दादांना कल्पना सुचली की खोक्यावर कोल्हापूरला शोभेल असं काहीतरी लिहू या. त्यांनी छान लाल अक्षरात लेबलं छापून आणली, "अस्सल कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी".

पहिला फोन पुण्याहून आला. बाई रडकुंडीला आल्या होत्या. "अहो, सासूबाईंनी उघडलं हो!"

दुसरा फोन नाशिकचा. तिथं नणंदेनं उघडलं होतं. सोलापूरच्या पार्सलाला तर शेजारीण वाटी घेऊन हजर होती. कोल्हापुरातून चटणी आलीय म्हटल्यावर कोण थांबतंय? आमच्यासारख्या खाण्यावर जीव असलेल्या माणसांनाच अशी चूक सुचू शकते.

रफीकभाई पूर्वी चपलांची खोकी बांधायचे. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "दादा, खायचं कायबी लिहू नगा. 'पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग' आसं लिवा."

तेव्हापासून आजपर्यंत एकाही सासूनं मोटारीचे सुटे भाग उघडलेले नाहीत.

* * *

वैशालीवहिनी, म्हणजे दादांच्या बायको, शाळेत विज्ञान शिकवतात. आमच्या मालाबरोबर जी माहितीची पत्रकं जातात, ती घरी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या लाल पेनाखालून जातात.

एका नव्या वस्तूचं पत्रक दादांनी स्वतः लिहिलं. अर्धं पान नुसती सावधगिरी. वहिनींनी सगळ्यावर काट मारली. "वापरणाऱ्यानं वाचूनच पळून जावं असं लिहिलंय तुम्ही." आणि खाली सवयीनं शेरा मारला, "पुन्हा लिहून आणणे. पालकांची सही घेणे."

तो कागद रफीकभाईंनी ऑफिसभर फिरवला. हसून हसून सगळ्यांची वाट लागली. दादा तेवढे हसले नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी वरच्या खिशात ठेवली.

* * *

पैसा आला की लोक मोठी गाडी घेतात. दादांनी म्हैस घेतली. तिचं नाव चंद्री. आक्का संध्याकाळी कट्ट्यावर नेतात ती हीच.

दादांचा छंद एवढाच. भल्या सकाळी सायलेन्सर काढलेली जुनी मोटरसायकल घेऊन निघायचं आणि मागून चंद्रीला पळवायची. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज म्हशीला बरोबर कळतो. एकदा बँकेचे साहेब भल्या सकाळी दादांना भेटायला आले. दादा आधी गाडीवरून आले, मागोमाग चंद्री आली आणि साहेबांच्या कारपाशी थांबून काचेत तोंड बघायला लागली.

साहेब काच खाली न करताच म्हणाले, "ह्या कोण?"

दादा म्हणाले, "पार्टनर."

* * *

आता एका लग्नातली गोष्ट. स्टेजवर एक प्रतिष्ठित गृहस्थ आशीर्वाद द्यायला उभे राहिले आणि बोलता बोलता गाडी आमच्यावर आली. "आपल्या गावात काही लोक नको ते विकतात आणि संस्कृती बुडवतात." दादा पहिल्याच रांगेत जिलेबी खात होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते गृहस्थ आमचे नेहमीचे गिऱ्हाईक! त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन. डिलिव्हरीला जरा उशीर झाला की हाच आवाज फोनवर केवढा मऊ होतो, ते मला ठाऊक आहे. मी खुर्चीवरून उठलेच होते, तेवढ्यात दादांनी पदराला धरावं तसं माझ्या पर्सच्या पट्ट्याला धरून खाली बसवलं.

"सुरेखाताई, नाव लक्षात ठेवायचा पगार कुणीबी देईल. मी तुम्हाला विसरायचा देतो."

आणि जाताना त्यांनी त्या गृहस्थांना वाकून नमस्कार केला. मला असा राग आला होता की मी मसालेभात दोनदा घेतला.

* * *

अशी माणसं तोंडावर बोलत नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. कट्ट्यावर एका संध्याकाळी दुधासाठी नेहमीची गर्दी होती. मागून कुणीतरी खिदळत म्हणालं, "सरका रं, कंडोमवाल्याची आई धार काढतीया."

आक्कांनी वळून पाहिलं नाही. ग्लास अर्धा भरला होता तो तसाच खाली ठेवला, म्हशीची दोरी सोडली आणि घरी निघून गेल्या. आठवडाभर त्या कट्ट्यावर आल्या नाहीत. तालमीतून दुधासाठी कट्ट्यावर येणारी पेठेतली पोरं तशीच परत जायला लागली.

दादांना त्या बोलणाऱ्याचं काही वाटलं नाही. मला म्हणाले, "त्यो म्हणाला ते खरंच हाय की. पण आक्काला ती शिवी वाटली." हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

* * *

मग फ्रान्सचा पाहुणा आला. सत्तरीचा माणूस, दादांच्याच धंद्यातला, आमचे कपडे आपल्या देशात विकायचे म्हणून भेटायला आलेला. व्हिडिओ कॅसेटच्या छोट्या दुकानापासून सुरुवात, आता चार शहरांत मोठी दुकानं. घरी पहिल्याच बायकोबरोबर सुखानं राहतो, आणि छंद काय, तर शेळ्या पाळतो आणि त्यांच्या दुधाचं चीज करतो. दादांनी हे ऐकलं आणि पन्हाळा दाखवायचा बेत रद्द करून त्याला थेट कट्ट्यावर नेलं.

पाहुणा धार बघत उभा राहिला. मग पँट वर ओढून खाली बसला आणि मी काढू का, असं खुणेनं विचारलं. चंद्री परक्याला जवळ येऊ देत नाही. आम्ही सगळे चार पावलं मागं सरकलो. तिनं एकदा मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. ग्लासात फेस आला.

आक्का खूश. "ह्येच्या हाताला धार हाय. काय करतोय ह्यो पावणा?"

मी इंग्रजीतून मधल्यामध्ये बोलत होते. म्हटलं, "आक्का, आपल्या दादांचाच धंदा आहे त्यांचा."

आक्कांनी ग्लासातला फेस निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "इच्यार त्येला, त्येची आई लोकास्नी काय सांगती."

मी विचारलं. पाहुणा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, आई शेवटपर्यंत सांगायची की मुलगा विजेच्या वस्तू विकतो.

आक्कांनी मान डोलावली. "शाणी बाई व्हती."

दादांनी त्या दिवशी दूध घेतलं नाही.

* * *

गौरी-गणपतीच्या सुट्टीत कस्टमर केअरचा मोबाइल दादांच्या घरी ठेवला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून फोन वाजल्यावर तो आक्कांनी उचलला. आमच्याकडं कॉल रेकॉर्ड होतात, त्यामुळं सुट्टीनंतर मी तो ऐकला.

पलीकडं इचलकरंजीची एक बाई. नवरा मागावर रात्रपाळीला, पदरात तीन पोरं, आणि आता पुन्हा दिवस गेले तर जिवाला धोका आहे असं डॉक्टरनी बजावलेलं. मेडिकलवाला दिराचा मित्र, त्यामुळं तिथं जायची सोय नाही.

आक्का म्हणाल्या, "आदी जेवलीस काय सांग." मग बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. शेवटी पत्ता विचारला. "मी येतो उद्या. भिऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी आक्का पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये आल्या होत्या. सुट्टीतही माल बघायला आलेल्या रफीकभाईंसमोर उभ्या राहिल्या. "त्ये दे."

"काय आक्का?"

"त्ये रं. लई दे."

रफीकभाईंनी खोकं भरलं आणि सवयीनं वर मोटारीच्या सुट्या भागांचं लेबल लावलं. ते खोकं आणि दुधाची बाटली घेऊन आक्का एसटीनं इचलकरंजीला जाऊन आल्या.

सुट्टीनंतर मी तो कॉल ऐकला, हे रफीकभाईंनी त्यांना सांगितलं. त्याच संध्याकाळी त्या येऊन माझ्या टेबलापाशी बसल्या. म्हणाल्या, "माझी थोरली भण सातव्या बाळंतपणात गेली. तवा ह्ये आसतं तर." मग पदरानं माझं टेबल पुसायला लागल्या. मी मात्र रडले, लपवत नाही. जाताना बजावलं, "दिलपाला सांगू नगंस."

नाही सांगितलं. विसरायचा पगार मिळतो मला.

* * *

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, आणि अंगावरचे केस कातरून त्यात रंगानं अक्षरं काढतात. मग सागरमाळावर मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस मागं, अशी एकेक जोडी मैदानात येते. माइकवाला म्हशीच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचून दाखवतो. ती तिची आणि तिच्या घरच्यांची ओळख.

चंद्रीच्या अंगावर दरवर्षी तीनच शब्द असतात, "मंगळवार पेठेची चंद्री". यंदा आक्कांनी पेंटरला गोठ्यात घेतलं आणि दार आतून लावून घेतलं. दादांनाही आत सोडलं नाही. मैदानापर्यंत चंद्रीच्या अंगावर झूल होती, आणि आक्का स्वतः दोरी धरून चालत होत्या.

दादांनी गाडीला किक मारली. सायलेन्सर नसलेला तो आवाज मैदानभर घुमला. आक्कांनी झूल ओढली.

माइकवाल्यानं सुरुवात केली, "आणि आता मैदानात येत आहे मंगळवार पेठेची चंद्री! आणि पलीकडच्या अंगाला लिहिलंय..."

तो तिथंच थांबला. आम्ही अलीकडच्या बाजूला होतो, आम्हाला काही दिसत नव्हतं. मग चंद्री दादांच्या गाडीमागं वळली आणि पिवळीधमक अक्षरं आमच्यासमोर आली.

"कंडोमवाल्याची आई".

दादांनी मागं वळून पाहिलं. गाडी बंद पडली. माळावर एवढी माणसं होती, पण फक्त चंद्रीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. माइकवाल्यानं माइकवर हात ठेवला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "आक्का, हे वाचू काय?"

आक्कांनी पदर खोचला. माइकची त्यांना गरज नव्हती.

"वाच की. मोठ्यानं."